रुळांमधली बाग आणि आपला मोहल्ला

मी कुर्ल्यात वाढले. खिडकीतून रूळ दिसायचे, झाड मात्र एकही नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यावर अम्मी मगरीबनंतर गच्चीवर फेऱ्या मारायची, पाण्याच्या टाक्यांना वळसा घालत. बागेत जायचे म्हणजे रिक्षाचे भाडे आणि अर्धा दिवस.

गेल्या वर्षी अभ्यासाच्या निमित्ताने बर्लिनला गेले, तेव्हा ग्लाइसड्राइएक पार्कात तीन संध्याकाळी काढल्या. इथे पूर्वी अनहाल्टर आणि पॉट्सडॅमर या दोन स्थानकांची मालयार्डं होती. महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली. मग शहराची फाळणी झाली आणि गंमत अशी, की जमीन पश्चिम बर्लिनमध्ये, पण ताबा पूर्व जर्मनीच्या रेल्वेकडे! त्या घोळात अनेक वर्षे कुणी तिकडे फारसे फिरकले नाही आणि रुळांमधून बर्चची झाडे उगवून आली. आता 26 हेक्टरची बाग आहे, म्हणजे शिवाजी पार्कच्या दुपटीहून मोठी. आतेलिये लोइडल या संस्थेने तिचा आराखडा केला. त्यांनी जुने रूळ उपटले नाहीत, उगवलेले रानही ठेवले. वरून पुलावरून मेट्रो जाते, खाली पोरे स्केटिंग करतात.

पण मला आराखड्यापेक्षा त्याआधीची कथा मोलाची वाटते. 1970च्या दशकात या जमिनीवरून महामार्ग न्यायचे ठरले होते. 1974 मध्ये रहिवाशांनी समिती काढली आणि वर्षानुवर्षे लढून तो रस्ता अडवला. पुढे शेजारच्या पॉट्सडॅमर प्लाट्झवर टोलेजंग बांधकामे झाली, तेव्हा निसर्गाच्या नुकसानीची भरपाई म्हणून बिल्डरांकडून पैसा घेण्यात आला. बाग त्या पैशातून झाली. पूर्वेचा भाग 2011 मध्ये खुला झाला, पश्चिमेचा 2013 मध्ये.

याच बागेत एक कुंपण घातलेला तुकडा आहे, रोझेनडुफ्ट, म्हणजे गुलाबाचा सुगंध. बोस्नियाच्या युद्धातून जीव वाचवून आलेल्या स्त्रियांनी तो 2006 मध्ये, म्हणजे बाग व्हायच्या आधीच लावला. बाग झाली तेव्हा त्यांना हुसकावले नाही, आराखड्यात सामावून घेतले. त्या वाफ्यांसमोर मी बराच वेळ उभी होते. घर गेलेल्या बायकांना परक्या शहराने माती दिली होती.

सगळे गोड नाही. बागेभोवती महागडे फ्लॅट उभे राहिले. हिरवळ आली की भाडे वाढते, हे बर्लिनलाही चुकले नाही.

आता मुंबई. 1991च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची राहिली आणि शहराचा हिस्सा आक्रसला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मदनपुऱ्याच्या विणकरांच्या कित्येक पिढ्या त्या गिरण्यांत राबल्या. तरी आमच्या घरात हा विषय कधी निघाल्याचे मला आठवत नाही.

आपल्याकडे जागेची चर्चा कब्रस्तान आणि ईदगाहपाशी थांबते. दोन्ही हवेच. पण अम्मीने चालायचे कुठे, बहिणीने बॅडमिंटन खेळायचे कुठे, हा प्रश्न जमातीच्या बैठकीत कुणी विचारत नाही. विकास आराखडा म्हणजे इंजिनियरांचे काम, असे आपण धरून चालतो. 2015 मध्ये मुंबईचा आराखडा लोकांच्या हरकतींमुळेच मागे घेऊन दुरुस्तीला पाठवावा लागला होता. हरकत लिहायला वकील लागत नाही. एक कागद, प्लॉटचा क्रमांक आणि आपले म्हणणे पुरते.

मागच्या महिन्यात आम्ही चार मुलींनी गल्लीतल्या बायकांना विचारले, बाग झाली तर काय हवे? मला वाटले होते कारंजे, झोके. उत्तरे आली: पाठ टेकता येईल असा बाक, स्वच्छ संडास, रात्री दहापर्यंत दिवे आणि फाटकाला कुलूप नको. अम्मी म्हणाली, "एक लिंबाचं झाड लावा, सरबताला कामाला येईल." तेही आम्ही अर्जात लिहिले आहे.