घर केव्हां तापवावें?

शरद ऋतु उतरणीस लागला, कोजागिरीचें दूध पिऊन झालें, कीं आपल्याकडील गृहिणी पेटींतील रजया व धाबळ्या काढून उन्हांत घालतात, आणि थंडीचें प्रकरण बहुधा तेवढ्यावर मिटतें. परंतु आतां आपल्या पुष्कळ घरांतील मुलगा किंवा लेक इंग्लंडांत, जर्मनींत अथवा अमेरिकेंत संसार करीत असते, आणि आईबाप चार-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. तेथें ऑक्टोबर लागतांच घरोघर एक प्रश्न उभा राहतो: घर तापविण्याचें यंत्र आज सुरू करावें, कीं आणखी चार दिवस दम धरावा? इंधनाचें बिल भरणारा म्हणतो, “स्वेटर घाला.” तान्ह्या मुलाची आई म्हणते, “भिंतीला हात लावून पाहा.” आणि वडील माणसें “आमच्यासाठीं नको हो” असें म्हणून शाल घट्ट ओढून घेतात. या तिसऱ्या उत्तरामुळेंच आम्हांस हा विषय वाचकांपुढें मांडावासा वाटला.

निरनिराळ्या देशांनीं या प्रश्नाचा निकाल कसा लावला आहे हें पाहूं गेल्यास, कोठें तिथीवर भरंवसा ठेवलेला दिसतो, तर कोठें तापमापकावर. जपानांत जुन्या चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यांत वराहाचा म्हणून जो दिवस येतो, त्या दिवशीं ‘कोतात्सु’ मांडण्याची जुनी चाल आहे. कोतात्सु म्हणजे वरून जाड पांघरूण घातलेलें व खालून ऊब देणारें बैठें मेज. त्या दिवशीं तें मांडलें असतां आगीचें भय राहत नाहीं, अशी समजूत. मुहूर्त पाहणाऱ्या आपल्या लोकांस यांत नवल वाटावयास नको. चीनमध्यें ह्वाई नदी व छिनलिंग पर्वत यांस धरून १९५० नंतरच्या दशकांत एक रेघ ठरली. तिच्या उत्तरेकडील शहरांस सरकारी व्यवस्थेनें ऊब मिळते, दक्षिणेकडील शहरांस ती व्यवस्था लागू नाहीं. बीजिंग येथें हा काळ सामान्यतः १५ नोव्हेंबर ते १५ मार्च असा धरतात. इटलीनें १९९३ सालीं हवामानाप्रमाणें देशाचे सहा विभाग पाडले. अगदीं उबदार विभागांत १ डिसेंबर ते १५ मार्च, तेंहि दिवसाकाठीं सहाच तास. मिलान ज्या विभागांत येतें तेथें १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, चौदा तास. आणि अति थंड डोंगराळ विभागास मर्यादाच नाहीं.

रशियाचा कौल तापमापकाकडे आहे. तेथें बाहेरील हवेचें दिवसाचें सरासरी तापमान सतत पांच दिवस ८ अंशांच्या खालीं राहिलें, म्हणजे शहरांतील घरें तापविण्यास आरंभ होतो. न्यूयॉर्क शहरानें दोन्हींची सांगड घातली आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळांत दिवसां बाहेर ५५ अंश फॅरेनहाइटपेक्षां, म्हणजे सुमारें १३ अंश सेल्सिअसपेक्षां, कमी तापमान झालें, तर घरमालकानें भाडेकरूची खोली निदान ६८ अंश फॅरेनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस, इतकी ऊबदार ठेविली पाहिजे. रात्रीं ती निदान ६२ अंश फॅरेनहाइट असावी. हा कायदा कां करावा लागतो, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. यंत्राची कळ एकाच्या हातीं आणि कुडकुडणारा दुसरा, अशी स्थिति असली म्हणजे काटकसरीचा भार नेमका दुबळ्यावर पडतो.

स्वतःच्या घरांत मात्र हा कायदा कोणी चालवावयाचा? इंग्लंडांत ज्याचें घर त्याची मर्जी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं घड्याळें एक तास मागें घेतात, तोंवर यंत्रास हात लावावयाचा नाहीं, असा पण पुष्कळ कुटुंबें करतात. तरुण, धडधाकट माणसांचें त्यांत फारसें बिघडत नाहीं. वृद्धांची गोष्ट निराळी. थंडींत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्ताचा दाब वाढतो. हृद्रोग्यास व दमेकऱ्यास थंड खोली म्हणूनच बाधते. शिवाय वय वाढलें म्हणजे थंडीची जाणीवच मंद होते, आणि अंगांतून कमी होणारी ऊब भरून काढण्याची शक्तीहि उतरते. तेव्हां आजोबा “मला थंडी वाजत नाहीं” म्हणतात तें खोटें नसतें. पण तो खोली उबदार असल्याचा पुरावाहि नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं थंडीच्या दिवसांत घरांत निदान १८ अंश सेल्सिअस तापमान असावें असें सुचविलें. वृद्ध, बालक व दुखणाईत यांस याहूनहि अधिक लागेल, असेंहि तींत सांगितलें आहे. ऊब न मिळालेल्या भिंतींवर श्वासाची व स्वयंपाकाची वाफ गोठून ओल धरते, बुरशी येते, आणि लहान मुलांचा खोकला हटत नाहीं, तें वेगळेंच.

आपल्या जुन्या वैद्यकानें याविषयीं सांगितलेलें आजहि मनास पटतें. वाग्भटानें ‘अष्टांगहृदया’मध्यें सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात अशा चौदा दिवसांस ऋतुसंधि म्हटलें आहे. या काळांत जुना विधि हळूहळू सोडावा व नवा हळूहळू धरावा, एकाएकीं पालट करूं नये, असा त्याचा आदेश. घर तापविण्यास हाच न्याय लावावा. प्रथम घरांतील सर्वांत वृद्ध माणसाच्या किंवा तान्ह्या मुलाच्या खोलींत तापमापक टांगावा. तो खिडकीशीं वा यंत्राशेजारीं नसावा. पारा १८ च्या खालीं उतरूं लागला, कीं ती एक खोली सकाळ-संध्याकाळ तापवावी. सारें घर मागाहून. एवढ्यानें खर्चहि आवरतो आणि वादहि मिटतो. कारण पारा कोणाचा सासरा नाहीं कीं कोणाची सून नाहीं.

आतां आपल्या इकडचें. निफाडास, नागपुरास किंवा पुण्यास पौषांत कडाका पडतो, तेव्हां कोठें कोठें निखाऱ्यांची शेगडी घरांत येते; बाळंतिणीच्या बाजेखालीं ती ठेवण्याची चालहि सर्वस्वीं गेलेली नाहीं. वाग्भटानेंहि हेमंतांत निखाऱ्यांनीं उबविलेल्या आंतल्या खोलीचा उल्लेख केला आहे. परंतु आजच्या सिमेंटच्या खोल्यांस फट म्हणून राहत नाहीं. दारें-खिडक्या लावून शेगडी धगधगत ठेविली, तर निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायु निघून खोलींत सांठतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. डोकें जड होतें, मळमळतें, गुंगी येते, आणि निजलेला माणूस उठत नाहीं. धूर नाहीं म्हणून भय नाहीं, असें कोणी समजूं नये. शेक घेतेवेळीं दार किंवा खिडकी उघडी असावी, आणि निजण्यापूर्वीं शेगडी खोलीबाहेर काढावी. ती राखेनें झांकून आंत ठेवणें हा उपाय नव्हे. परदेशीं गॅसचें यंत्र असेल, तर हिवाळ्यापूर्वीं जाणकाराकडून तें तपासून घ्यावें, आणि या वायूची सूचना देणारी घंटाहि बसवावी.

कर्त्या पुरुषांस आमची एवढीच विनंती आहे कीं, वृद्धांनीं मागण्याची वाट पाहूं नये. ज्या पिढीनें जन्मभर स्वतःचें मागणें गिळून आपणांस वाढविलें, ती आतां उबेसाठीं तोंड उघडणार नाहीं. घरखर्चाच्या वहींत हिवाळ्यांतील इंधन चैनीच्या रकान्यांत न मांडतां औषधाच्या रकान्यांत मांडावें, म्हणजे यंत्र केव्हां सुरू करावें हा प्रश्न पुष्कळसा सोपा होईल.