विश्लेषण : ऊसतोडीची पाळी आणि संगणकाची रांग, थांबायचे कोणी?

गळीत हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात एकच प्रश्न ऐकू येतो, ‘तुमची तोड कधी?’ ऊस हजारो प्लॉटमध्ये उभा, टोळ्या मोजक्या आणि कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली. संगणकशास्त्रात हाच पेच ‘जॉब शेड्युलिंग’ म्हणून शिकवला जातो.

ग्रिड म्हणजे काय?

वेगवेगळ्या ठिकाणचे संगणक जोडून एका यंत्रणेसारखे वापरणे, म्हणजे ग्रिड कम्प्युटिंग. युरोपातील ‘सर्न’ प्रयोगशाळेच्या ग्रिडमध्ये सुमारे ४० देशांतील केंद्रे आहेत. मुंबईची टीआयएफआर त्यापैकी एक. भारतात सी-डॅकच्या ‘गरुड’ ग्रिडने संशोधन संस्था जोडल्या.

जवळचे उदाहरण घ्या. राजारामबापू पाटील साखर कारखान्याची साखराळे, वाटेगाव, कारंदवाडी आणि जत अशी चार युनिट आहेत. ऊस लांब नेला तर वाहतूक खर्च वाढतो. ग्रिडमध्येही अवजड डेटा हलवणे महाग पडते, म्हणून शक्यतो डेटा जिथे आहे तिथेच काम पाठवतात.

क्रम कसा ठरतो?

• आधी येईल त्याला आधी : नियम सोपा, पण एका मोठ्या कामामागे अनेक लहान कामे अडकतात.

• लहान काम आधी : सरासरी प्रतीक्षा घटते, पण मोठे काम मागेच पडते. याला ‘स्टार्व्हेशन’, म्हणजे उपासमार म्हणतात.

• बॅकफिलिंग : मोठ्या कामाला ५०० प्रोसेसर हवेत आणि ३०० मोकळे आहेत, तर तोवर त्यांवर लहान कामे उरकायची. अट एकच, मोठ्या कामाची ठरलेली वेळ चुकता कामा नये.

• फेअर-शेअर : ज्याने अलीकडे जास्त वापर केला, त्याचा क्रम खाली.

मग अडते कुठे?

कारखाने लागणीची तारीख आणि आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा प्रकार पाहून तोडणी कार्यक्रम आखतात. प्रत्यक्षात टोळीला आणि तोडणी यंत्राला रस्त्याकडेचा सलग, मोठा प्लॉट परवडतो. आतल्या बाजूचा वीस गुंठ्यांचा तुकडा मागे राहतो. संगणकात मोठ्या कामाची उपासमार होते, शिवारात लहान शेतकऱ्याची. उसाला तुरे येतात, वजन घटते आणि पाळी लवकर यावी म्हणून ‘खुशाली’ मोजावी लागते.

उपाय काय?

संगणकात यावर ‘एजिंग’ हा उतारा आहे. काम जितके जास्त थांबेल, तितका त्याचा क्रम आपोआप वर सरकतो. तोडणीच्या यादीतही थांबलेल्या दिवसांना असे गुण देता येतील. त्यासाठी महासंगणक नको. नोंदीची तारीख आणि आजचा क्रम प्रत्येक सभासदाला मोबाइलवर दिसला तरी पुरे.

थोडक्यात, सर्वांना सोयीचा अल्गोरिदम नसतो. प्रत्येक नियम कोणाला तरी थांबवतो. तो नियम उघड असला, तर थांबणाऱ्याला निदान जाब विचारता येतो.