अल्प पटाच्या शाळेचा ताळेबंद

कर्जमागणीचे कागद तपासताना बँकेत एक नियम कटाक्षाने पाळला जातो. अखेरची शिल्लक पाहण्यापूर्वी आरंभीची शिल्लक पाहावयाची. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रोजकीर्द आणि खतावणी लिहिली गेली, त्या वाचकांना हा नियम नव्याने सांगण्याचे कारण नाही. तथापि शाळांविषयी बोलताना आपण तो सहज विसरतो. खेड्यातील जिल्हा परिषद शाळेची टक्केवारी शहरातील इंग्रजी शाळेच्या टक्केवारीशेजारी ठेवतो आणि तेवढ्यावर निर्णय देऊन मोकळे होतो.

हा विषय आज निकडीचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळांतील मुलांना जवळच्या शाळांत हलविण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला होता. त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये अल्प पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. त्या वेळी पुढे आलेले आकडे असे : वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,७८३, त्यांतील विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर एका शाळेत सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक येतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक द्यावेच लागतात. त्यामुळे हे दोन शिक्षक म्हणजे चैन नव्हे.

आता अशा शाळेच्या टक्केवारीचा अर्थ पाहू. साडेबारा मुले चार इयत्तांत वाटली, तर एका वर्गात जेमतेम तीन मुले उरतात. त्यांतील एक मूल वाचनात मागे राहिले की वर्गाचा निकाल तेहतीस टक्क्यांनी खाली येतो. पुढील वर्षी तिन्ही मुले तयार असली की तोच वर्ग शंभर टक्के होतो. शिक्षक तेच, खोली तीच, पुस्तकेही तीच. एवढ्या लहान संख्येवरून शाळेची प्रत ठरविणे म्हणजे एका दिवसाच्या गल्ल्यावरून दुकानाची पत ठरविण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न पटावर कोण आहे हा. समजा, वीस मुलांपैकी बारा जणांना नीट वाचता येते. म्हणजे साठ टक्के. त्यांतील पाच जणांचे पालक ऐपत येताच त्यांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतात. मागे उरलेल्या पंधरांपैकी सात वाचणारे राहतात आणि टक्केवारी सत्तेचाळीसवर येते. एकही मूल मागे पडलेले नाही, शिक्षकही ढिला झालेला नाही. तरी शाळा ‘घसरली’ अशी वदंता उठते, आणि ती ऐकून आणखी दोन पालक मुलांना काढून घेतात.

राहिलेली मुले बहुधा शेतमजुरांची, हमालांची, जिनिंगमध्ये आणि डाळ मिलमध्ये राबणाऱ्यांची असतात. अकोल्याच्या बाजारपेठेत आपल्यापैकी अनेकांचा व्यवहार ज्यांच्या श्रमावर चालतो, त्यांचीच ही लेकरे. काही कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी परगावी जातात. मुलाचे नाव एका गावच्या हजेरीपटावर राहते आणि मूल दुसऱ्या गावी. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत, म्हणजे मेळघाटात, घरची भाषा कोरकू असलेली पुष्कळ मुले पहिलीत येतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. या मुलांना अक्षराबरोबर भाषाही शिकावी लागते. त्यांची आरंभीची शिल्लक न पाहता अखेरची शिल्लक मोजणे न्यायाचे नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लहान शाळेत मुलाला बरोबरीचा सवंगडी मिळत नाही. एक शिक्षक बैठकीस अथवा निवडणुकीच्या कामाला गेला की दुसऱ्यावर चारही वर्ग येतात. जेथे बारमाही रस्ता आहे आणि गाडी खरोखर वेळेवर येते, तेथे मोठी शाळा मुलांच्या हिताची ठरू शकते. परंतु पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे राज्याचे नियम सांगतात, ते सहा वर्षांच्या मुलाची पावले लक्षात घेऊनच. मेळघाटात पावसाळ्यात ओढा भरला की कागदावरचे अंतर निरुपयोगी ठरते. अशा ठिकाणी शाळा दूर गेली, तर प्रथम मुलींचे शिक्षण थांबण्याची भीती असते.

मग शाळा पारखावी कशी? ‘असर’ पाहणीची रीत सोपी आहे. प्रत्येक मुलाला स्वतंत्र बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास देतात. देशभरातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी अशी गोष्ट वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती. २०२४ मध्ये ती २३.४ टक्के झाली. आकडा अद्याप चिंताजनक आहे, पण वाढ खरी आहे. बारा मुलांच्या शाळेत तर टक्केवारीचीही गरज नाही. प्रत्येक मुलाच्या नावे एक खाते उघडावे : जूनमध्ये ते काय वाचत होते, मार्चमध्ये काय वाचते. बारा ओळींची ही खतावणी एका पानात मावते.

आपले अनेक न्यास आणि मंडळे शाळांना दप्तरे, वह्या, पंखे देतात. काही ठिकाणी प्रवेशद्वारही बांधून देतात. ती भावना आदरणीय आहे. पुढील वेळी देणगीपूर्वी मुख्याध्यापकांकडे ही बारा ओळींची खतावणी मागावी, आणि हजेरीपटावरील कोणती मुले हंगामात निघून जातात हेही विचारावे. त्या चार महिन्यांत आजीजवळ गावीच राहणाऱ्या मुलांच्या सायंकाळच्या जेवणाची सोय, कोरकू आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या एखाद्या स्थानिक तरुणीचे मानधन, किंवा दूर गेलेल्या शाळेच्या गाडीचे भाडे, यांपैकी जे त्या गावी अडले असेल त्यावर रक्कम खर्चावी. मार्चअखेर आपण आपल्या पेढीचे हिशेब पूर्ण करतोच. त्याच आठवड्यात त्या शाळेत जाऊन बाराही मुलांचे वाचन ऐकण्यास एक सकाळ पुरते.