प्रवासाच्या पिशवीतील चिनी डबी

२०२५ च्या २६ ऑक्टोबर रोजी कोलकात्याहून ग्वांगझूला विमान सुटले आणि २०२० पासून बंद पडलेला भारत-चीन थेट हवाई प्रवास पुन्हा सुरू झाला. या घटनेची चर्चा राजनैतिक संबंधांच्या अंगाने पुष्कळ झाली. सीमाप्रश्न, व्यापारातील तूट, दुर्मीळ खनिजांचा पुरवठा हे विषय महत्त्वाचे आहेत याबद्दल वाद नाही. परंतु इंदापूर तालुक्यातील एका कारखानदारी गावात अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला या बातमीत एक घरगुती म्हणावा असा प्रश्नही दिसतो. तो परतीच्या प्रवाशाच्या पिशवीचा आहे.

वालचंदनगर हे प्रवासाला सरावलेले गाव आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला. पुढे साखर कारखान्यांची यंत्रेच येथे बनू लागली, ती परदेशी गेली, आणि ती जोडून देण्यासाठी येथील फिटर व अभियंतेही गेले. त्या काळी परतणाऱ्याच्या पेटीत घड्याळ, अत्तर, सुवासिक साबण आणि वाघाचे चित्र असलेल्या बामची एक-दोन बाटल्यांची भेट हमखास असे. त्या बामचा जन्म रंगूनमधील एका चिनी वैद्याच्या घरात झाला आणि भरभराट सिंगापुरात झाली, हे फार थोड्यांना ठाऊक होते. डोके दुखले की ते लावायचे, एवढे पुरे होते.

आज प्रवास करणारा वर्ग पुष्कळ रुंदावला आहे. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केल्यानंतर बँकॉकची सहल उसाचे बिल हाती आलेल्या शेतकऱ्याच्याही आवाक्यात आली. दुबईत २००४ मध्ये उघडलेला ‘ड्रॅगन मार्ट’ हा चिनी मालाचा अवाढव्य बाजार सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेतच असतो. आणि पशुपतिनाथाच्या दर्शनाला निघालेली यात्रेकरूंची बस सुनौलीच्या नाक्यावरून परत येते तेव्हा तिच्या टपावर ब्लँकेटे आणि आत बायकांच्या पिशव्यांत निरनिराळ्या डब्या असतात. मोत्याच्या भुकटीचे म्हणून सांगितलेले क्रीम, गालांवरून फिरवायचा हिरव्या दगडाचा रूळ, रात्री तळपायाला चिकटवून सकाळी काळ्या पडणाऱ्या पट्ट्या, वजन उतरविणारा चहा, गुडघ्याचे मलम. आमच्या शेजारच्या वहिनी गेल्या यात्रेहून अशीच एक डबी माझ्या पत्नीसाठी घेऊन आल्या. डबीवर चिनी अक्षरे आणि एका गोऱ्यापान स्त्रीचे चित्र, याखेरीज काही नाही.

या हौसेला नाक मुरडण्याचे कारण नाही. चिनी वस्तूंचे आकर्षण आपल्याकडे फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्टाचा उल्लेख येतो. कालिदासाच्या शाकुंतलात चीनांशुक फडकते. शेंदराला संस्कृतात चीनपिष्ट असे नाव आहे. (हिंदीभाषक साखरेलाही चीनीच म्हणतात, आणि आमचे गाव वसले ते साखरेवर!) एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी ज्या कँटनहून भरतकामाचे गारे आपल्या घरच्या स्त्रियांसाठी आणीत, तेच आजचे ग्वांगझू. सर जमशेटजी जीजीभाई यांनी तारुण्यात चीनच्या पाच सफरी केल्या होत्या.

मात्र गारा आणि क्रीम यांत अर्थशास्त्राच्या दृष्टीने मूलभूत अंतर आहे. रेशीम बोटांना कळते. भरतकाम डोळ्यांना दिसते, आणि फसवणूक झालीच तर ती पहिल्या धुण्यात उघड होते. क्रीमचा गुण आठवड्यात दिसतो, परंतु त्याचा दोष महिनोन्‌महिने दिसत नाही. किंबहुना ज्या द्रव्यामुळे गुण लवकर दिसतो तेच द्रव्य दोषाचे मूळ असण्याचा संभव असतो. ते द्रव्य म्हणजे पारा. पाऱ्याचे क्षार त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतात, त्यामुळे चेहरा झपाट्याने उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोचतो. घरातील ज्या मुलांनी क्रीमला हातही लावलेला नाही, त्यांनाही त्याच्या वाफेचा आणि स्पर्शाचा उपसर्ग होऊ शकतो.

हा पुस्तकी धोका नव्हे. २०२३ च्या प्रारंभी अकोल्यातील एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध झाली. घरातील तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा गावातील सौंदर्यप्रसाधिकेकडून घेतलेल्या क्रीमपर्यंत माग पोचला आणि तपासणीत त्यात पारा आढळला. केरळात कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील ‘मेंब्रेनस नेफ्रोपॅथी’ या विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांमध्ये एक विशिष्ट दुर्मीळ प्रकार आढळला, आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरीत होते. क्रीम थांबविल्यावर बहुतेकांचा विकार ओसरला, ही त्यातील दिलाशाची बाब. केरळच्या औषध नियंत्रण खात्याने २०२३ मध्ये बेनामी क्रीमांविरुद्ध मोहीमच उघडली.

अकोल्याचे क्रीम चीनचे होते असा माझा दावा नाही, आणि प्रश्न केवळ चीनचा आहे असेही नाही. चीनमध्येही सौंदर्यप्रसाधनांसाठी पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग अशीच आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून तेथे या उद्योगासाठी अधिक कडक नियमावली लागू झाली. त्यामुळे ‘चिनी माल म्हणजे विष’ ही घोषणा जितकी सोपी तितकीच निरुपयोगी आहे. २०२० मध्ये गलवाननंतर बहिष्काराची लाट आली, चिनी ॲप बंद झाली, परंतु नावगाव नसलेल्या डबीवर बहिष्कार घालायचा कसा? खरा प्रश्न ती डबी कोणत्या वाटेने घरात येते हा आहे.

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्या कामासाठी त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. विकणाऱ्याला मोटारीचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो, आणि या विषम ज्ञानामुळे चांगला माल बाजारातून हटतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आमच्या डबीची स्थिती याहूनही बिकट आहे. कारखानदाराला सोडले तर साखळीतील एकालाही काही ठाऊक नाही. नाक्यावरच्या दुकानदाराला चिनी वाचता येत नाही. वहिनींना येत नाही. माझ्या पत्नीलाही येत नाही. यांतील कोणीच लबाड नाही. वहिनींच्या सचोटीवर आमचा विश्वास आहे, म्हणून डबीवरही आहे. आणि नेमकी येथेच गफलत होते. माणसाची साख वस्तूला लागू पडत नाही.

यापुढची पायरी म्हणजे भेटीचे रूपांतर विक्रीत होणे. पहिल्या खेपेला दोन डब्या येतात. शेजारणी मागतात म्हणून पुढच्या खेपेला बारा येतात, आणि त्यानंतर त्या ब्यूटी पार्लरच्या कपाटात दिसतात. सौंदर्यप्रसाधनांवरील आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेण्यात आले, त्यामुळे या वाटेला थोडा फायदाही चिकटला. कायद्याने आयात प्रसाधनाची नोंदणी व्हावी लागते आणि वेष्टनावर आयातदाराचे नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक असावा लागतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत पारा वापरण्यास मज्जाव आहे. अजाणता राहिलेला अंशही दहा लाखांत एक भागापलीकडे चालत नाही, डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांची सवलत तेवढी निराळी. नियम उत्तम आहेत. पण ते गोदीत उतरणाऱ्या पेटाऱ्यांसाठी आखलेले आहेत. यात्रेच्या बसमधील पन्नास पिशव्या उघडून प्रत्येक डबी हुंगत बसणे कोणत्याही कस्टम्स अधिकाऱ्याला शक्य नाही, आणि तसे त्याने करावे असे मलाही वाटत नाही.

म्हणून लक्ष द्यावयाचे ते नाक्यावर नव्हे, तर विक्रीच्या जागी. जो हौसेने आणतो तो प्रवासी. परंतु जो विकतो तो कायद्याच्या दृष्टीने व्यापारी समजला गेला पाहिजे, मग त्याने बाराच डब्या का आणलेल्या असेनात. अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याच्या गावांतील पार्लरमधून नमुने उचलावेत. क्ष-किरणांच्या साहाय्याने काही क्षणांत पारा दाखविणारी हातातली यंत्रे आता उपलब्ध आहेत; प्रत्येक विभागाला असे एक यंत्र देणे सरकारला न झेपणारे नाही. डब्यांवरील एक खूण तर फुकटात उपयोगी पडणारी आहे. सोने, चांदी, ॲल्युमिनियम किंवा रबर यांचा स्पर्श टाळा, अशी सूचना वेष्टनावर असेल तर आत पारा असण्याचा संभव असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगून ठेवले आहे. यात्रा कंपन्यांनी निघण्यापूर्वी प्रवाशांना एवढे जरी सांगितले तरी खूप झाले. वजन उतरविणाऱ्या चहाबद्दलही दोन शब्द सांगावेत, कारण अशा उत्पादनांत सिबुट्रामिन हे २०११ पासून आपल्याकडे बंदी असलेले औषध मिसळल्याचे अनेक देशांत आढळले आहे. पायाच्या पट्ट्या मात्र बिचाऱ्या निरुपद्रवी. त्या घामाने काळ्या पडतात, शरीरातील विषाने नव्हे. तेथे नुकसान होते ते खिशाचेच.

गोरेपणाच्या हव्यासाचा निराळा विचार व्हावयास हवा. तो चीनने आपल्याला दिलेला नाही. आपल्या वधूपाहिजेच्या जाहिराती पुरेशा बोलक्या आहेत. माझ्या वर्गातील ज्या मुली बँकेच्या परीक्षांची तयारी करतात त्यांच्याच दप्तरांत या डब्या असतात, कारण नोकरी आणि लग्न या दोन्ही बाजारांत चेहऱ्याची किंमत होते हे त्यांनी अचूक ओळखले आहे. त्यांना मूर्ख ठरविणे सोपे आहे. त्यांचा हिशेब मात्र चुकलेला नाही, त्यात फक्त मूत्रपिंडाचा रकाना राहून गेला आहे.

आमच्या गावच्या कारखान्यात अवकाशात जाणाऱ्या प्रक्षेपकांच्या मोटरची आवरणे बनतात. तेथे एका केसाच्या जाडीचा फरकही मोजला जातो आणि चुकला तर काम नाकारले जाते. वहिनींनी दिलेली डबी मी महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना दाखविली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि आपल्या प्रयोगशाळेत पारा मोजण्याची सोय नाही, असे सांगून परत केली. वहिनींना काय सांगावे हे न कळल्याने ती सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे.