षड्ज सोडलेल्या माणसाचा आरसा

आपल्याकडे कलांच्या वाटण्या फार लवकर होतात. ज्याचा गळा बरा त्याला गायनाच्या स्पर्धेत उभे करायचे, ज्याचा हात बरा त्याला रांगोळी नि भित्तिपत्रके करायला बसवायचे. मग दोघांनी जन्मभर एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकायचे नाही! गाणारा कधी चित्र काढू लागलाच, तर आपण कौतुकाने 'छंद आहे हो त्याला' म्हणतो. हा 'छंद' शब्द मोठा सोयीचा आहे. तो उच्चारला की चित्राकडे गंभीरपणे पाहण्याची जबाबदारी टळते. या शब्दाशी मला थोडे भांडायचे आहे आणि त्यासाठी साक्षीदार म्हणून मी व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकाराला बोलावणार आहे.

शोनबर्गचा जन्म १८७४ चा. पाश्चात्त्य संगीताची जुनी घडी ज्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मोडली, त्यांत त्याचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याने घेतले नव्हते. तिशी उलटल्यावर तो रंगांकडे वळला. रिखार्ड गेर्स्टल नावाचा तरुण चित्रकार त्याच्या घरी येत-जात असे. १९०८ मध्ये शोनबर्गची पत्नी माथिल्डे याच गेर्स्टलसाठी घर सोडून गेली. पुढे ती परतली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गेर्स्टलने वयाच्या पंचविसाव्या वर्षी आत्महत्या केली. दुसरा कोणी असता तर रंगांच्या वाटेला पुन्हा गेला नसता. शोनबर्ग मात्र पुढची दोन-तीन वर्षे झपाटल्यासारखा रंगवीत राहिला, आणि पुन्हा पुन्हा रंगवला तो स्वतःचाच चेहरा. ऑक्टोबर १९१० मध्ये व्हिएन्नातल्या एका पुस्तकविक्रेत्याच्या दालनात त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्यातली काही चित्रे थोर संगीतकार गुस्ताव माहलरने आपले नाव कळू न देता विकत घेतली.

आता याच वर्षांतले त्याचे संगीत पाहू. १९०८ चे दुसरे तंतुवाद्य-चतुष्टक. त्याच्या अखेरच्या भागाच्या आरंभी मुख्य स्वर सांगणारी खूणच नाही. पहिल्या प्रयोगाला सभागृहात गोंधळ उडाला. १९०९ मध्ये पियानोसाठी तीन रचना आल्या, त्याच वर्षी 'एरवार्टुंग' हे एकाच स्त्रीपात्राचे संगीतनाट्य लिहून झाले. या रचनांत ज्याच्याकडे परतावे असा मुख्य स्वर उरला नाही. आत्मचित्रांचा सर्वांत मोठा भर आणि मुख्य स्वराचा त्याग या गोष्टी एकाच काळात, एकाच माणसाच्या हातून घडल्या. याला निव्वळ योगायोग म्हणायला माझे मन तयार नाही.

मुख्य स्वर सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला पाश्चात्त्यांपेक्षाही लवकर उमगावे. आपल्या गाण्यात षड्ज हा घराचा उंबरठा आहे. गवई कितीही लांब भटकला तरी मागे तानपुरा त्याची वाट पाहत झंकारत असतो. कल्पना करा, ऐन आलापीत कुणी तानपुऱ्याच्या तारा उतरवून ठेवल्या आणि गवयाला सांगितले, 'आता गा!' त्याने कशाच्या आधाराने गावे? शोनबर्गने स्वतःच्या हाताने त्या तारा उतरवल्या होत्या. माझे मत असे, की नेमक्या याच वेळी त्याला आरशाची गरज भासली. स्वरांत स्थिर बिंदू उरला नाही, तेव्हा तो त्याने स्वतःच्या डोळ्यांत शोधला.

ती चित्रे पाहिली म्हणजे हे पटते. १९१० चे निळे आत्मचित्र घ्या. निळसर पडलेला चेहरा. कपडे, खांदे, पार्श्वभूमी यांची त्याला फिकीर नाही. डोळे मात्र असे रोखलेले, की पाहणाऱ्याने नजर चुकवावी. त्याच सुमारास त्याने केलेल्या काही चित्रांत तर चेहराही विरघळून जातो आणि उरते ती नुसती नजर. 'लाल नजर' हे त्यांतलेच एक. रूप विरले तरी नजर टिकते, हीच त्या चित्रांची रचना. षड्जाचे काम तिथे डोळे करतात.

पुढे १९११ मध्ये त्याने आणखी एक विलक्षण आत्मचित्र केले. त्यात तो पाठमोरा चालत निघाला आहे! स्वतःची पाठ काही आरशात समोरून दिसत नाही. म्हणजे या चित्रासाठी त्याला स्वतःपासून दूर, मागे जाऊन उभे राहावे लागले असेल. नजरेने स्वतःला धरून ठेवणारा माणूस वर्षभरातच स्वतःला पाठमोरा जाऊ देतो. पुढे १९२० नंतर बारा स्वरांना समान मान देणारी शिस्तबद्ध पद्धती त्याने सिद्ध केली. त्या अलिप्ततेची चाहूल मला या पाठमोऱ्या आकृतीत लागते.

रंगांच्या लोकांनाही हे नाते जाणवले होते. जानेवारी १९११ मध्ये म्युनिकमध्ये शोनबर्गच्या रचना ऐकून वासिली कॅन्डिन्स्कीने लगोलग एक चित्र रंगवले: काळा पियानो आणि त्याच्यावर उसळून आलेला पिवळा रंग. पुढे त्याने शोनबर्गशी पत्रव्यवहार सुरू केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'निळा स्वार' या गटाच्या प्रदर्शनात त्याच्या चित्रांना जागा दिली.

यावर कोणी विचारील, 'पण हात कच्चाच होता ना?' होता! रेखाटन डळमळते आहे, रंग कुठे कुठे चिखलासारखे झाले आहेत. पण कसबी हात पुष्कळदा चेहरा सजवतो. या कच्च्या हाताला सजवणे येतच नव्हते, म्हणून तो खरे बोलला.

मग मनात येते, आपल्या बंदिशकारांनी स्वतःचे चित्र कुठे काढले? आपण रागमाला चित्रांत रागाला चेहरा दिला, रागिणीला दागिने दिले. गाणाऱ्याला मात्र चौकटीबाहेर ठेवले. आपल्या गोव्याच्या लक्ष्मण पै यांनी राग रंगवले, तेही मुळात चित्रकार. आपल्या संगीतकाराचे आत्मचित्र बंदिशीत सापडते. सदारंग, भातखंडे यांचे 'चतुर', फैयाझ खाँसाहेबांचे 'प्रेमपिया', जगन्नाथबुवा पुरोहितांचे 'गुणीदास' ही नावे बंदिशीच्या शब्दांत गुंफलेली असतात. चेहरा नाही, नुसती खूण. षड्जाच्या सावलीत उभ्या असलेल्या माणसाला एवढी खूण पुरते. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला गेले. काही वर्षे गाणे बंद होते. त्या सक्तीच्या मौनात माळव्याची लोकगीते कानावर पडत राहिली आणि त्यांतून नवे राग, नव्या बंदिशी उभ्या राहिल्या. १९६५ चा 'अनूपरागविलास' हा त्यांचा ग्रंथ मी त्यांचे आत्मचित्रच मानतो. फरक एवढाच, की कुमारांनी तानपुरा खाली ठेवला नाही. तो त्यांनी अधिक बारकाईने लावला. दोन वाटा, पण आपण कोण आहोत हे निर्दयपणे तपासल्याशिवाय नवे काही निर्माण होत नाही, ही अट दोन्हीकडे सारखी.

मित्रहो, हे सारे कळंबोलीत बसून का सांगायचे? आपल्या एका बाजूला लोखंड-पोलादाचा बाजार, दुसऱ्या बाजूला महामार्ग. सळ्यांच्या खणखणाटात आणि ट्रकच्या हॉर्नमध्ये आपण वाढलो. कलाशाखेत आलो तेव्हा 'पुढे काय करणार?' हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी घरी ऐकला आहे. या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी 'मी कोण?' हे पाहावे लागते, आणि ते पाहण्याची सवय आपल्याला कोणी लावत नाही. स्वतःची छायाचित्रे आपण मोबाइलवर दिवसाला दहा काढतो, त्यांतली नऊ पुसतो आणि लोकांना आवडेल ती एक ठेवतो. शोनबर्गने बहुधा त्या नऊच ठेवल्या असत्या.

म्हणून प्राध्यापकवर्गाला नि स्नेहसंमेलनाच्या समितीला एक सूचना करतो. येत्या वर्षी चित्रप्रदर्शनातली एक भिंत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. प्रत्येकाने आरसा समोर घेऊन, पेन्सिलीने, स्वतःचा चेहरा काढावा. बक्षीस नको, परीक्षक नकोत. तबलजीचे नाक वाकडे येईल, गायिकेचे डोळे लहान-मोठे होतील, हसणारे हसोत. त्या चित्राखाली प्रत्येकाने आपण सध्या कोणता राग घोटतो आहोत एवढेच लिहावे. मग संध्याकाळी त्यांचे गाणे ऐकावे. ऐकणाऱ्यांना फरक जाणवेल की नाही, हे पाहायला मी पहिल्या रांगेत बसणार आहे.