आहारतज्ज्ञ म्हणावे कोणाला? औंध, सातारा, सांगली आणि एका उपाधीचा प्रश्न

१/ १९३८. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. व्यायामाबरोबर आहाराचाही विचार त्यात होता. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्याच संस्थानातील आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात. लेखक ना वैद्य, ना डॉक्टर. पुस्तकावर ओळख छापली गेली ती राजा म्हणून.

२/ त्याच वर्षी मुंबई प्रांताने वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा केला. डॉक्टरांसाठीचा कायदा १९१२ मध्येच झाला होता. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बहाल केलेल्या 'वैद्य' या उपाधीमागे आता सरकारी नोंदवही उभी राहिली.

३/ प्रांताचा कायदा संस्थानांत मात्र चालत नसे. सातारा शहर ब्रिटिश मुलखात. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थाने. काही कोसांवर एकाच उपाधीचे कायदेशीर वजन बदलत असे. १९४८ च्या विलीनीकरणाने ती सीमा पुसली.

४/ आहाराचे क्षेत्र या व्यवस्थेबाहेरच राहिले. १९६३ मध्ये इंडियन डायटेटिक असोसिएशन स्थापन झाली. तिची 'रजिस्टर्ड डायटिशियन' ही ओळख परीक्षेने मिळते, परंतु ती संघटनेची आहे, कायद्याची नव्हे. डायटिशियन व न्यूट्रिशनिस्ट ही नावे केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत आली ती २०२१ मध्ये, संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या अधिनियमाने. डॉक्टरांनंतर तब्बल १०९ वर्षांनी!

५/ मराठीत या दोघांनाही 'आहारतज्ज्ञ' म्हणतात. रुग्णालयात प्रशिक्षण घेतलेली पदव्युत्तर व्यक्ती आणि चार आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर प्रोटीन पावडर विकणारा, दोघांच्याही पाटीवर हाच शब्द दिसू शकतो.

६/ आक्षेप येईल की तालमीतल्या वस्तादाकडे कोणती पदवी होती? उत्तर सरळ आहे. वस्ताद खुराक सांगे तो धडधाकट पठ्ठ्याला, आणि तो पठ्ठा रोज त्याच्या डोळ्यांसमोर असे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रथिने किती, इन्सुलिन घेणाऱ्याने उपवास करावा का, हे प्रश्न त्या जातीचे नाहीत. येथे चुकीची किंमत रुग्णाचा देह मोजतो.

७/ म्हणून सल्ला देण्यावर बंदी नको. राजानेही तो द्यावा, आजीनेही. परंतु 'तज्ज्ञ' ही उपाधी लावणाऱ्याचे नाव एखाद्या नोंदवहीत असावे आणि चुकल्यास ते तेथून खोडताही यावे. वैद्याला १९३८ मध्ये लागू केलेली कसोटी आहारतज्ज्ञाला आज लावणे, यात अन्याय कसला?