फुटका आरसा आणि विमा

गेल्या पंधरवड्यात रत्नागिरीतील एका अरुंद आळीत आमच्या मोटारीचा आरसा गडग्यास घासून फुटला. दुरुस्ती १८०० रुपयांची. ‘विमा आहे ना!’ असे चिरंजीव म्हणाले. आम्ही विमापत्र काढून वाचले. १९८८ च्या कायद्याने सक्तीचा असलेला विमा परक्याच्या हानीपुरताच होय. आपल्या गाडीची हानी सर्वसमावेशक विम्यात मिळते. तेथेही सामान्यतः प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत वजा होते, काचेची मात्र होत नाही. शिवाय १५०० सी. सी. पर्यंतच्या गाडीचे पहिले १००० रुपये मालकानेच सोसावयाचे. उरणार काही शेकडे. आणि पाच वर्षे मागणी न केल्याने आपल्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात मिळालेली ५० टक्के सूट त्यापायी जाणार! आम्ही पदरचे पैसे दिले. वाचकांनीही मागणीपूर्वी हा हिशेब मांडून पाहावा.